माती खाण्यातले शहाणपण

एखाद्याच्या हातून मोठी चूक झाली, की ‘त्याने माती खाल्ली’ असे आपण म्हणतो. बाळकृष्णाने माती खाल्ली म्हणून यशोदेने त्याला तोंड उघडायला लावले, ही गोष्टही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. थोडक्यात काय, माती ही खाण्याची वस्तू नव्हे, असे आपले ठाम मत असते. पण प्राण्यांच्या जगात डोकावून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतील पोपट, आफ्रिकेतील हत्ती आणि चिंपांझी, आपल्या सह्याद्रीतील गवे, इतकेच काय पण नाजूक फुलपाखरेसुद्धा मातीच्या शोधात हिंडतात. हे सारे जीव चूक करतात काय? तसे असते तर लक्षावधी वर्षांत ही सवय केव्हाच नाहीशी झाली असती. तेव्हा या माती खाण्यामागे काही हिशेब असला पाहिजे. तो हिशेब कोणता, ते आपण पाहू.

त्यासाठी अ‍ॅमेझॉनपर्यंत जाण्याची गरज नाही. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना याचे उदाहरण घराजवळच पाहायला मिळते. पाऊस ओसरला आणि स्वच्छ ऊन पडू लागले, की बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या परिसरात किंवा बारवी धरणाच्या रानात एखाद्या ओढ्याकाठी जावे. ओल्या वाळूवर, चिखलावर पिवळी-पांढरी फुलपाखरे दाटीवाटीने बसलेली दिसतात. त्यांत काळ्या पंखांवर निळी झाक असलेले मोठे ‘ब्ल्यू मॉर्मॉन’ही कधी कधी असते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेच हे. आजूबाजूला फुले असूनही ही फुलपाखरे आपली सोंड चिखलात खुपसून बसतात. या सवयीला ‘चिखलपान’ असे नाव आहे. फुलपाखराला दात नसल्यामुळे ते माती चावून खाऊ शकत नाही. ते मातीतले पाणी शोषून घेते आणि त्या पाण्याबरोबर त्यात विरघळलेले क्षार पोटात जातात. फुलपाखराला हवे असतात ते हे क्षारच.

पानांत काय नसते?

आपल्या शरीरात सोडियम नावाचे मूलद्रव्य अत्यंत महत्त्वाचे काम करते. रोजच्या जेवणातल्या मिठातून ते आपल्याला मिळते. मज्जातंतूंतून संदेश जातो तो सोडियमच्या साह्याने. स्नायू आकुंचन पावतात, रक्तातील पाण्याचे प्रमाण राखले जाते, तेही सोडियमच्याच आधारे. किड्यामुंगीपासून हत्तीपर्यंत सर्व प्राण्यांना ते लागते.

वनस्पतींची गोष्ट मात्र वेगळी आहे. बहुतेक वनस्पतींचे सोडियमवाचून फारसे अडत नाही. त्यांना पोटॅशियम भरपूर लागते, आणि म्हणून पानांत पोटॅशियम सोडियमच्या कित्येक पट असते. वाघाला ही अडचण येत नाही, कारण त्याने मारलेल्या हरणाच्या रक्तामांसात सोडियम तयारच असते. अडचण येते ती पाने खाणाऱ्यांना. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर वाढलेल्या फुलपाखराच्या अळीचा विचार करा. तिने जन्मभर फक्त पानेच खाल्लेली असतात. पुढे फुलपाखरू झाल्यावर तिला मध मिळतो. त्यात साखर असते, पण सोडियम नगण्य असते. म्हणजे पोट भरते, पण एका पदार्थाची वाण तशीच राहते.

आपल्या घरच्या गुरांचेही असेच असते. गवत, कडबा खाणाऱ्या गाईला शेतकरी पेंडीतून मीठ देतो किंवा गोठ्यात चाटण-वीट टांगतो. तशी सोय नसली, तर जनावरे भिंती चाटू लागतात, माती खाऊ लागतात. ‘जनावराला खोड लागली’ असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती खोड नसून खनिजांची भूक असते.

पावसाने धुतलेली जमीन

ही भूक पावसाळी जंगलांत विशेष जाणवते. याचे कारण असे, की सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि मातीच्या कणांना फार घट्ट चिकटून राहत नाहीत. जितका पाऊस अधिक, तितके ते अधिक वाहून जातात. बदलापूरच्या पाठीशी उभ्या असलेल्या माथेरानच्या डोंगरावर वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला आलेल्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले किंवा ऐकले असेल. त्या गढूळ पाण्याबरोबर डोंगरउतारांची मातीच नव्हे, तर न दिसणारे क्षारही समुद्राकडे वाहत होते.

समुद्र जवळ असला तर थोडी भरपाई होते. लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण वारा आत आणतो आणि पाऊस ते जमिनीवर उतरवतो. किनाऱ्यापासून जसजसे आत जावे, तसतसा हा पुरवठा आटत जातो. पूर्वी कोकणातले मीठ वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जात असे, ते याच गरजेपोटी. किनाऱ्यावर मीठ मुबलक, आत त्याची टंचाई. माणसाने ही टंचाई व्यापाराने भागवली.

मुंग्यांना व्यापार येत नाही, पण टंचाई त्यांनाही जाणवते. मायकेल कॅस्परी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका खंडात फ्लोरिडापासून अ‍ॅमेझॉनपर्यंत ठिकठिकाणी मुंग्यांपुढे साखरेचे व मिठाचे पाणी ठेवले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, समुद्रापासून दूरच्या मुंग्या मिठाकडे अधिक ओढल्या जातात. त्यातही वनस्पतींच्या आधारे जगणाऱ्या मुंग्यांची ओढ शिकारी मुंग्यांपेक्षा जास्त असते. पाने खाणाऱ्याला मीठ कमी पडते, हा आपला तर्क मुंग्यांनीही खरा ठरवला.

बदलापूर तर अरबी समुद्रापासून हवाई अंतराने पन्नास किलोमीटरच्या आसपासच आहे. मग इथली फुलपाखरे चिखलावर का बसतात? याचे उत्तर त्या थव्यातच सापडते.

वधूसाठी मिठाचा आहेर

चिखलावर जमलेली फुलपाखरे नीट तपासली, तर त्यांत बहुतेक नरच आढळतात. हे कोडे शास्त्रज्ञांना फार वर्षे पडले होते. १९७४ मध्ये अमेरिकेतील आर्म्स, फीनी व लेडरहाऊस यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी वाळूच्या तबकांत निरनिराळे पदार्थ विरघळवलेले पाणी घातले आणि ‘टायगर स्वॅलोटेल’ जातीची फुलपाखरे कोणत्या तबकावर टिकून बसतात, ते पाहिले. फुलपाखरे बसली ती सोडियम असलेल्या तबकांवर. ती पाण्यासाठी येत नाहीत, क्षारासाठी येतात, हे त्यातून कळले.

पण नरांनाच एवढी गरज का? याचे उत्तर स्कॉट स्मेडली आणि थॉमस आयस्नर यांनी १९९५ व १९९६ मध्ये एका पतंगाच्या अभ्यासातून दिले. या पतंगाचा नर डबक्याकाठी तासन्‌तास पाणी पितो. एका नराने एकाच बैठकीत ३८ मिलीलिटरहून अधिक पाणी, म्हणजे आपल्या वजनाच्या सहाशे पट, शरीरातून पार केले! पाणी तोंडाने आत घ्यायचे, त्यातील सोडियम आतड्यात अडवायचे आणि उरलेले पाणी पाठीमागून पिचकारीसारखे उडवून द्यायचे, असा हा कारखानाच म्हणा ना. असे जमवलेले सोडियम नर स्वतःजवळ ठेवत नाही. मीलनाच्या वेळी त्याचा मोठा वाटा तो मादीला देतो आणि मादी ते अंड्यांत घालते. चिखलपान केलेल्या नरापासून झालेल्या अंड्यांत सोडियमचे प्रमाण इतर अंड्यांच्या दुप्पट ते चौपट भरले. म्हणजे बाप चिखलावर बसतो तो पुढच्या पिढीच्या शिदोरीसाठी.

इतक्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात एवढी शिदोरी जमवायची, तर पानांतला आणि पावसातला तुटपुंजा पुरवठा कसा पुरावा? म्हणून नर अशा जागा हुडकतात, जिथे क्षार एकवटलेले असतात. ओढ्याचे पाणी ओसरून चिखल वाळू लागला, की पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. गुरे जिथे पाणी पितात, तिथे त्यांचे मूत्र मातीत मिसळते. अशा जागी सोडियमबरोबर नत्रयुक्त पदार्थही मिळतात, आणि काही जातींच्या फुलपाखरांना तेही हवे असतात.

मोठ्या जनावरांच्या बाबतीतही हेच घडते. रानात क्षारयुक्त मातीच्या ठरावीक जागा असतात. त्यांना ‘चाटण’ म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. गवा, सांबर यांसारखे गवतपाला खाणारे प्राणी अशा चाटणांवर नेमाने येतात. वनखाते काही ठिकाणी मुद्दाम मीठ ठेवून कृत्रिम चाटणेही तयार करते. केनियातील एल्गॉन पर्वताच्या किटुम गुहेत तर हत्ती रात्रीच्या अंधारात आत शिरतात, सुळ्यांनी भिंतीचे खडक फोडतात आणि त्यांतील सोडियमयुक्त क्षार खातात.

पोपटांचा मातीचा कडा

आता वर्षावनातील सर्वांत नयनरम्य दृश्याकडे वळू. पेरू देशात नदीकाठच्या मातीच्या उभ्या कड्यांवर सकाळी शेकडो मकाव आणि इतर पोपट जमतात व चोचीने माती उकरून खातात. तेही फक्त मिठासाठीच काय?

झाडांना आपली बी कोणी फोडून खाल्लेली परवडत नाही. म्हणून अनेक झाडे कच्च्या फळांत आणि बियांत कडू, विषारी द्रव्ये साठवतात. पोपट मात्र नेमक्या त्याच बिया फोडून खातात. जेम्स गिलार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे दाखवले, की कड्यावरील माती या विषांवर उतारा ठरू शकते. त्यांनी काही पोपटांना क्विनिडीन हे वनस्पतिजन्य द्रव्य मातीसह दिले आणि काहींना मातीवाचून दिले. माती खाल्लेल्या पोपटांच्या रक्तात क्विनिडीन सुमारे ६० टक्क्यांनी कमी उतरले.

हे घडते कसे? चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म आणि पापुद्र्यांचे बनलेले असतात, त्यामुळे चिमूटभर मातीचाही पृष्ठभाग मोठा असतो. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. वनस्पतींतील अनेक विषारी द्रव्ये पोटात धनभारित होतात. ऋण आणि धन यांचे आकर्षण तुम्हाला ठाऊक आहेच. विषाचा रेणू मातीला चिकटतो आणि रक्तात न शिरता मातीबरोबर बाहेर पडतो.

मग खरे कारण कोणते, मीठ की विष? शास्त्रज्ञांत यावर बराच वाद झाला. डोनाल्ड ब्राइटस्मिथ यांनी दाखवून दिले, की पोपट कड्याचे सर्व थर सारखे खात नाहीत. ज्या थरांत सोडियम अधिक, तेच ते पसंत करतात. शिवाय विषारी बिया तर पोपट अनेक प्रदेशांत खातात, पण अशा कड्यांवरची गर्दी दिसते ती मुख्यतः समुद्राच्या वाऱ्यांपासून दूर असलेल्या पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये. त्यामुळे तेथील पोपटांच्या बाबतीत मिठाचे पारडे जड दिसते. तरी मातीची विष धरून ठेवण्याची शक्ती खोटी ठरत नाही. एकाच घासात दोन्ही कामे होऊ शकतात.

कधी कधी तिसरेही काम होते. युगांडातील किबाले जंगलात चिंपांझी एका विशिष्ट झाडाची पाने खाण्याच्या आगेमागे तांबडी माती खातात. साब्रिना क्रीफ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पाने व माती यांचे मिश्रण प्रयोगशाळेत तपासले. तेव्हा मलेरियाच्या जंतूंविरुद्ध त्या मिश्रणाचा प्रभाव वाढलेला आढळला.

मग माणसाने माती खावी काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. माणसेही माती खातात. गर्भवती स्त्रियांना मातीचे डोहाळे लागतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राणी सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येत असल्याचा उल्लेख आहे. आजही भाजलेल्या मातीचे तुकडे बाजारात विकले जातात. पाटीवरची पेन्सिल कुरतडणारी मुले तर प्रत्येक वर्गात सापडतात. पुष्कळदा अशी इच्छा होते ती शरीरात लोह कमी पडल्यामुळे.

पण इथे सावध राहिले पाहिजे. चिकणमाती विषाला जशी धरून ठेवते, तशीच ती अन्नातील लोहालाही धरून ठेवू शकते. म्हणजे लोह कमी म्हणून माती खावी, तर ते आणखीच कमी व्हायचे! माती खाण्याने होणारा पांडुरोग चरकसंहितेत स्वतंत्रपणे सांगितला आहे. शिवाय मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. २०१५ पासून १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत जी गोळी देतात, ती याच जंतांसाठी. पोपटाने निवडलेला थर त्याच्या कित्येक पिढ्यांनी पारखलेला असतो. आपण उचललेल्या ढेकळाची तशी पारख झालेली नसते. म्हणून माती किंवा पेन्सिल खाण्याची इच्छा होत असेल, तर लपवू नका. ते घरी, बाईंना वा सरांना सांगा आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

जे धरते, ते साठवतेही

मातीच्या याच गुणाची दुसरी बाजू पाहायची, तर डोंगराकडून गावात यावे लागेल. अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील प्राचीन शिवमंदिराजवळून वालधुनी नदी वाहते. पुढे ती उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. या पट्ट्यात कारखाने वाढले, वस्ती वाढली आणि नदीत सांडपाणी येऊ लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून या नदीत रासायनिक सांडपाणी सोडले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले.

पाणी वाहून जाते, वासही विरतो. पण शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू पाण्यात धनभारित रूपात असतात. मातीच्या ऋणभारित कणांना ते चिकटतात आणि तळाच्या गाळात साठून राहतात. ज्या शक्तीमुळे पेरूमधील पोपटाच्या पोटातले विष मातीला चिकटते, त्याच शक्तीमुळे कारखान्यांच्या सांडपाण्यातले विष नदीच्या गाळाला चिकटते. फरक इतकाच, की पोपटाची माती रिकाम्या हाताने पोटात जाते आणि विष घेऊन बाहेर पडते. नदीचा गाळ मात्र आधीच भरलेला असतो.

चिखलावर उतरणारे फुलपाखरू सोडियम ओळखते. लक्षावधी वर्षे त्याला तेवढेच ओळखणे पुरेसे होते, कारण ओढ्याच्या चिखलात शिसे मिसळणारे कोणी नव्हते. सांडपाण्यातही सोडियम असतेच, आणि ते कुठून आले हे फुलपाखराला कळण्याचा मार्ग नाही. ही पारख आता आपल्यालाच करावी लागेल. कोंडेश्वर, बारवी यांच्या परिसरात अजून स्वच्छ ओढे आहेत, ओले काठ आहेत. ते स्वच्छ राहिले, तरच नराने मादीला दिलेली शिदोरी निर्धोक राहील.

करून पाहा

१. तीन पसरट बशांत स्वच्छ धुतलेली वाळू घ्या. पहिलीत साधे पाणी, दुसरीत एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी आणि तिसरीत साखरेचे पाणी ओता. वाळू ओली राहील, पण वर पाणी साचणार नाही, असे पाहा. पाऊस संपल्यावर उन्हाच्या वेळी, फुलपाखरे जमतात अशा जागी या बशा मांडा. दर पाच मिनिटांनी कोणत्या बशीवर किती फुलपाखरे व मुंग्या आहेत, ते वहीत लिहा. मधूनमधून बशांच्या जागा बदला. ओढ्यावर शिक्षकांबरोबरच जा आणि पावसाळ्यात ओढ्यात मुळीच उतरू नका.

२. दोन परीक्षानळ्यांत पाणी घेऊन प्रत्येकीत मेथिलीन ब्ल्यूच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. हे रंगद्रव्य पाण्यात धनभारित असते. एका नळीत थोडी मुलतानी माती आणि दुसरीत तेवढीच धुतलेली वाळू घालून चांगले हलवा. अर्धा तास स्थिर ठेवून दोन्ही द्रावणे गाळून घ्या. कोणत्या पाण्याचा निळा रंग उतरला? तो रंग गेला कुठे?

दुसऱ्या प्रयोगानंतर गाळणकागदावर उरलेली निळी माती टाकून देण्यापूर्वी नीट पाहा. नंतर ती साध्या पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन रंग निघतो का, तेही तपासा. नदीत एकदा सोडलेले विष काढून टाकणे इतके कठीण का असते, याचे उत्तर त्या चिमूटभर मातीत तुम्हाला सापडेल.